सायकल आपली, पाना कुणाचा?

सायकल आणि बाईचं स्वातंत्र्य या विषयावर आपण चळवळीतल्या बायकांनी आजवर पुष्कळ बोलून घेतलं आहे. गाणी झाली, पथनाट्यं झाली, आठ मार्चच्या सायकलफेऱ्या झाल्या. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ साली ‘अरिवोळी इयक्कम’ या साक्षरता मोहिमेने अक्षरांबरोबर सायकलही शिकवायला घेतली आणि एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल चालवायला शिकल्या. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. बाईचं हिंडणं-फिरणं हा साक्षरतेचाच भाग आहे, असं तिथे मानलं गेलं. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं, त्यातला एक तपशील मला फार आवडतो. तिथल्या कित्येक बायका लेडीज सायकलीपेक्षा मुद्दाम जेन्ट्स सायकल पसंत करत, कारण तिच्या दांडीवर पुढे मूल बसवता येतं.

पुढे बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन-दोन हजार रुपये मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. तो २०१७ साली छापून आला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत हा फरक जास्त होता. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. म्हणजे सायकल मुलीच्या हातात आली, हे मान्य. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती सायकल बंद पडली की काय होतं?

कोणत्याही गावात जाऊन बघा. ओसरीच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीला एखादी लेडीज सायकल टेकवून ठेवलेली दिसेल. सीटवर कोंबडीची घाण, मागच्या चाकात हवा नाही, कॅरियरवर सरपण. विचारलं तर उत्तर मिळतं, “बिघडलीय.” काय बिघडलंय, हे नेमकं कुणालाच माहीत नसतं. मुलीला तर नाहीच. बहुतेक वेळा मामला पंक्चरचा असतो, नाहीतर चेन सारखी पडत असते, नाहीतर ब्रेकचं रबर झिजून गेलेलं असतं. दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या गावी, भाऊ किंवा वडील नेतील तेव्हा. ते नेत नाहीत, कारण त्यांना मोटारसायकल आहे. मग मुलगी चार दिवस चालत जाते, पाचव्या दिवशी पावसाचं निमित्त होतं, आणि घरात आधीपासून दबा धरून बसलेलं वाक्य बाहेर येतं: “नाहीतरी आता पुरे झाली शाळा.” शहरात पहाटे पोळ्या लाटायला निघालेल्या बाईची सायकल वाटेत बसली तर पहिल्या घरी खाडा, दुसऱ्या घरी उशीर आणि तिसऱ्या घरी बोलणी. दुकानं तर दहाशिवाय उघडत नाहीत.

असं असूनही सायकलवरच्या आपल्या कोणत्याही गाण्यात पंक्चर येत नाही. चालवणं म्हणजे मुक्ती, आणि दुरुस्ती ही कुणाची तरी किरकोळ अडचण, अशी आपण मनात वाटणीच करून टाकली आहे. ही वाटणी पुरुषांनी केली असती तर आपण लगेच ओळखली असती.

आता दुरुस्तीचं ते दुकान म्हणजे काय चीज आहे ते पाहू. झाडाखाली किंवा टपरीत, टांगलेले टायर, पाण्याची घमेली, हवेचा पंप, दोन-तीन रिकामे लोक बसलेले. तिथे काम करणारा माणूस शिकला कसा? तो आठ-दहा वर्षांचा असताना कुणीतरी त्याला तिथे बसवला. आधी चहा आणायचा, मग हवा मारायची, मग टायर उचकटायचा. मार खात, शिव्या खात चार-पाच वर्षांत त्याचा हात बसला. बालमजुरीचीच ही शाळा. तिचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण सायकलदुरुस्ती शिकण्याची आपल्याकडे एवढी एकच शाळा होती आणि तिच्यात मुलगी बसूच शकत नव्हती. मुलीने दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहायचं म्हटलं तरी चार डोळे तिच्याकडे, आणि संध्याकाळपर्यंत घरी निरोप.

दुरुस्ती करणाऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. तो गरीब आहे, दिवसभर उकिडवा बसून पाठ मोडून घेतो, आणि मोटारसायकली वाढल्यापासून त्याचा धंदाही बसत चालला आहे. त्याच्या हातात ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाला आपल्या समाजाने कधी मान दिला नाही. तक्रार आहे ती त्या ज्ञानापर्यंत जाणारी वाट निम्म्या माणसांना बंद होती, याविषयी.

“बायकांना यंत्रातलं कळत नाही” हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ज्यांना ते खरं वाटतं त्यांनी आपल्या आईचा किंवा आजीचा रॉकेलचा स्टोव्ह आठवावा. पिन मारणं, बर्नर काढून साफ करणं, पंपातला चामड्याचा वायसर सुकला की काढून, तेलात भिजवून, फाकवून पुन्हा बसवणं, हे सगळं घरातली बाई करत होती, तेही भडका उडण्याची भीती असताना. सायकलच्या हातपंपात अगदी तसाच चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की पंप मारूनही हवा भरत नाही आणि उपायही तोच, तेलाचे थेंब. शिवणयंत्राचं तसंच. बॉबिन केस उघडणं, शटलमधला धागा-कचरा काढणं, तेलाच्या भोकांत थेंब सोडणं, पट्टा सैल झाला तर कापून जोडणं. मशीनवर घर चालवणाऱ्या बाईला या गोष्टी कुणी ‘तांत्रिक’ म्हणून शिकवल्या नाहीत, आणि त्या येतात म्हणून तिला कुणी मेकॅनिक म्हटलं नाही. पाट्या-वरवंट्याला टाकी लावत दारोदार फिरणाऱ्या बायांच्या हातात छिन्नी-हातोडा पिढ्यान् पिढ्या होता. कष्टकरी जातींतल्या बायकांचा हात औजाराला कायमच आहे. पण ज्या औजारातून मालकी येते, पत येते, तिथे बरोबर बंदी. बाईने नांगर धरायचा नाही. कुंभाराघरची बाई माती तुडवणार, मळणार, भट्टी लावणार, पण चाकावर बसायचं नाही. सायकलचं चाक या जुन्याच हिशेबात बसतं.

हा हिशेब फक्त आपल्याकडचा नाही. सायकल नवी होती तेव्हा अमेरिकेतही हाच वाद होता. मारिया वॉर्ड नावाच्या बाईंनी १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांसाठी सायकलवर एक पुस्तक काढलं. चालवायचं कसं, कपडे कोणते घालायचे हे त्यात होतंच, पण ‘बायका आणि औजारं’ अशा मथळ्याचं एक स्वतंत्र प्रकरणही होतं. सायकलचे भाग कोणते, ते उघडायचे कसे, पाना धरायचा कसा. त्यातली छायाचित्रं ॲलिस ऑस्टिन या बाईने काढलेली. एलिझाबेथ स्टँटन, सुझन अँथनी या मताधिकाराच्या लढ्यातल्या बायकांची सायकलवरची मतं आपण भाषणांत वापरतो, पण वॉर्डबाईंचं नाव कुठे येत नाही. मला मात्र वाटतं, त्या वेळी मुद्द्याच्या सर्वांत जवळ त्याच पोहोचल्या होत्या.

वॉर्डबाईंनी पुस्तक हे साधन का निवडलं असावं, ते आजही कळतं. पुस्तक विचारत नाही, तू कुणाची कोण. पुस्तकापुढे कितीही वेळ उभं राहता येतं. आता त्यात व्हिडिओची भर पडली आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, तोच पाना त्याच नटावर दहा वेळा फिरताना पाहता येतो आणि दहाव्यांदा पाहिलं म्हणून कुणी हसत नाही. वस्तीतल्या आमच्या गटात आम्ही सहाजणींनी अशी दुरुस्ती शिकायला सुरुवात केली तेव्हा हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटली. पुरुषाने शिकवताना नेहमी एक घडतं. दोन मिनिटं तो सांगतो, तिसऱ्या मिनिटाला “आणा इकडे” म्हणून पाना हातातून काढून घेतो. व्हिडिओतला माणूस हे करू शकत नाही.

मात्र या पुस्तकांची आणि व्हिडिओंची एक मोठी अडचण आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. ती सगळी दुसऱ्याच्या सायकलीविषयी असतात. चांगली, सावकाश समजावून सांगणारी चित्रणं बहुतेक इंग्रजीत आहेत. पार्क टूल या अमेरिकन औजार-कंपनीची तर उत्कृष्टच आहेत. पण त्यांत दिसते ती गिअरची, डिस्क ब्रेकची, हलकी सायकल, स्टँडवर हवेत अधांतरी लटकवलेली. आपल्या मुलींना मिळते ती साधी, बिनगिअरची, जड सायकल. तिचा व्हॉल्व वेगळा, काहींचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे, पायडलचा क्रँक कॉटरने ठोकलेला. व्हिडिओतला माणूस म्हणतो, अमुक नंबरची ॲलन की घ्या. आपल्या सायकलीत ॲलन की बसेल असं भोकच नसतं. नवशिकी बाई इथे हमखास समजते की आपल्यालाच कळत नाही. तसं नसतं. ते पुस्तक तिच्यासाठी लिहिलेलंच नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

हिंदीत आपल्या सायकलींचे व्हिडिओ मिळतात आणि ते दुकानातल्या कारागिरांनीच केलेले असतात. हात सराईत, पण इतके वेगाने चालतात की काय झालं ते समजेपर्यंत टायर चढलेला असतो. जुनी सायकल असेल तर आणखी एक वाट आहे. आपली काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल ही मुळात इंग्लंडच्या जुन्या घडणीची. त्या घडणीच्या सायकलींविषयी अमेरिकेतले शेल्डन ब्राउन नावाचे कारागीर फार बारकाईने लिहून गेले आहेत (ते २००८ मध्ये वारले). कॉटर कसा काढावा, कसा बसवावा हे इंग्रजी येणाऱ्या मैत्रिणीने त्यांचं वाचून गटाला मराठीत सांगावं. हे भाषांतराचं काम आपल्या शिकलेल्या मैत्रिणींना सहज जमेल.

दुसरी अडचण फोनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण घरात फोन असणं आणि तो तासभर मुलीच्या हातात असणं, यातलं अंतर आपल्याला ठाऊक आहे. “फोनमध्ये काय बघत बसलीस?” या प्रश्नाला “फ्रीव्हील कसं खोलतात ते” हे उत्तर कोणत्या घरात खरं मानतील? म्हणून हे एकटीने घरात बसून शिकायचं कामच नव्हे. एक फोन, एक सायकल आणि पाच-सहा जणी, असंच ते जमतं. एकजण व्हिडिओ थांबवते, दुसरी पाना धरते, तिसरी सुटलेले भाग क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडते. हा तिसरीचा उद्योग फार महत्त्वाचा, कारण उलगडणं सोपं असतं आणि जोडताना एक वायसर नेहमी शिल्लक राहतो.

सुरुवात कशापासून करावी? पुस्तकं सांगतात, भागांच्या नावांपासून. माझं मत वेगळं आहे. हवेपासून करावी. आपल्या साध्या सायकलीच्या व्हॉल्वमध्ये एक छोटी धातूची नळी असते आणि तिच्यावर बारीक रबरी नळी चढवलेली असते, तिला दुकानात ‘वॉलट्यूब’ म्हणतात. पंपाची हवा त्या रबराला ढकलून आत जाते आणि रबर मिटल्यामुळे बाहेर येत नाही. हे रबर काही महिन्यांत चिरतं, सैल पडतं, आणि चाक रात्रभरात बसतं. आपल्याला वाटतं पंक्चर. हवा भरून व्हॉल्वच्या तोंडावर बोटाने थुंकी लावायची. बुडबुडा आला तर पंक्चर नाही, रबर गेलेलं आहे. औजार लागत नाही, वरची टोपी हाताने फिरते, नवं रबर ओलं करून चढवायचं, काम संपलं. एवढ्या एका गोष्टीने किती सायकली गोठ्याच्या भिंतीपासून पुन्हा रस्त्यावर येतील, कल्पना करा. परदेशी व्हिडिओंत हा व्हॉल्व सहसा दिसतच नाही.

खरंच पंक्चर असेल तर मात्र थोडा धीर लागतो. व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने टायर उचकटायचा. लोखंडी पट्टी नसली तर चमच्याचा दांडा चालतो, पण टोकदार वस्तू नको, नाहीतर एकाची दोन भोकं. ट्यूब बाहेर काढून, हवा भरून पाण्यातून फिरवायची. बुडबुडे दिसले की खूण करायची, ट्यूब पुसून पूर्ण कोरडी करायची, पॉलिशपेपरने घासायची. सोल्युशन पातळ लावायचं आणि मग थांबायचं. या थांबण्याशीच नवशिकीचं बिनसतं. सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबला तर तो धरत नाही. बोट लावून चिकटेनासं झालं की मगच दाबायचा, आणि जोर लावून दाबायचा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवायची. बाभळीचा काटा अजून तिथेच असतो.

आणि भोक वाचायला शिका, मैत्रिणींनो. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा किंवा खिळा. शेजारी-शेजारी दोन छेद, साप चावल्यासारखे, म्हणजे हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिमच्या कडेवर चिमटली. भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि तारेचं टोक ट्यूबला टोचतंय. मग कितीही पॅच लावा, पट्टी नीट केल्याशिवाय ते थांबणार नाही. “दर आठवड्याला पंक्चर होते, सायकलच बेकार आहे” असं म्हणणाऱ्या मुलीला हे कळलं की तिचा सूर बदलतो. आम्ही हे पाहिलं आहे.

चेन आणि ब्रेक हे त्यानंतरचं. चेन मधोमध बोटाने दाबली तर अर्धा इंच हलावी. जास्त हलली तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढायचं, आणि ते मध्यावर आहे ना हे पाहत एकदा इकडचा, एकदा तिकडचा असे नट आवळायचे. लेडीज सायकलला साडी-ओढणी अडकू नये म्हणून चेनवर बंद डबा असतो. डबा उपयोगाचा आहे, पण त्यामुळे चेन डोळ्यांना दिसत नाही आणि वर्षानुवर्षं तिला तेलाचा थेंब मिळत नाही. जी वस्तू बाईसाठी म्हणून बनवली जाते ती बाई कधी उघडणार नाही असं धरूनच बनवली जाते, याचं हे चांगलं उदाहरण. तेल शिवणयंत्राचं चालतं, फक्त लवकर उडतं. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं. आणि रिमवर, ब्रेकच्या रबरावर तेलाचा हातही लागू देऊ नका.

आता आपल्यातूनच आलेल्या आक्षेपांविषयी. एका बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “घरकाम, पाणी, मुलं, रोजगार, आणि आता वर सायकलही बाईनेच दुरुस्त करायची? पुरुष आणखी एका कामातून मोकळा.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे प्रत्येक ‘सक्षमीकरण’ शेवटी बाईच्या डोक्यावरचा एक हंडा होऊन बसतं, हे आपण बचत गटांच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून नीट पाहिलं पाहिजे: घरातल्या सगळ्यांच्या सायकली पुसून, तेल घालून ठेवणं हे आणखी एक घरकाम झालं, तर ते नाकारलंच पाहिजे. पण स्वतःच्या सायकलीत हवा नाही म्हणून दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागणं, हाही भारच असतो. तो दिसत नाही एवढंच. दुरुस्ती येणं वेगळं आणि दुरुस्ती करावीच लागणं वेगळं. येत असेल तर दुकानात टाकूनही देता येते, आणि तेव्हा काय बिघडलंय ते सांगून टाकता येते. ‘ओव्हरऑईलिंग करावं लागेल ताई’ असं ऐकल्यावर कोन सैल झालाय की नुसता छर्रा फुटलाय, हे विचारता येतं. दुकानदाराची बोलण्याची तऱ्हा त्या क्षणी बदलते.

दुसरा आक्षेप असा, की हे शहरी, मध्यमवर्गीय बायकांचं फॅड आहे. उलट आहे. महागडी सायकल घेणाऱ्या बाईच्या दारात दुरुस्तीवाला येतो. ज्या मुलीची सायकल योजनेतून आली आणि पुन्हा मिळणार नाही, तिलाच पान्याची गरज आहे.

गरीब कारागिराच्या पोटावर पाय येतो का? पंक्चर काढणाऱ्या मुली तालुक्यात शे-दोनशे झाल्या तरी रिमचा आऊट काढायला, तारा बदलायला, क्रँक बसवायला सगळ्यांना त्याच्याकडेच जावं लागणार. तारा आवळून रिम सरळ करणं हे काम व्हिडिओ पाहून येत नाही. निदान आम्हाला आलेलं नाही. एक तार आवळली की दुसरीकडे रिम ओढली जाते, आणि ही ओढ किती हे कानाने, बोटाने कळतं, डोळ्यांनी नाही. पडद्यावरून हाताला वजन कळत नाही. नट किती आवळला म्हणजे पुरे, कोन किती घट्ट केला म्हणजे चाक मोकळं फिरेल पण डुगडुगणार नाही, हे जवळ बसूनच शिकावं लागतं. म्हणून माझी सूचना आहे, की गटाने महिन्यातून एक दिवस जवळच्या कारागिराला त्याची दिवसाची मजुरी देऊन शिकवायला बोलवावं. दुकानात नाही, आपल्या जागेत. अट एकच: त्याने पान्याला हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. आमच्याकडे आलेल्या चाचांना हे फार जड गेलं. पहिल्या तासात ते चार वेळा उठले. दुसऱ्या तासाला मात्र खुर्चीवर बसून चहा पीत एकेकीला ओरडून सांगत होते, आणि जाताना म्हणाले की तीस वर्षांत आपल्याला काय येतं हे कुणी विचारलं नव्हतं.

राहिला प्रश्न हातांचा. ग्रीसचे काळे हात मुलीच्या जातीला शोभत नाहीत, असं घरोघरी ऐकावं लागेल. गोडेतेल आणि साखर चोळून धुतलं की निघतं. नखांतलं दोन दिवस राहतं. राहू द्यावं.

आता मागण्यांकडे येऊ. सरकारकडून सायकली मिळतात तेव्हा त्यांच्याबरोबर काय मिळतं? झांबियात शाळकरी मुलींना सायकली देण्याचा जो कार्यक्रम २०१७ पासून झाला, त्यात दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय कार्यक्रमातच धरलेली होती. तिथे मुलींची गैरहजेरी २८ टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. आपल्याकडे वाटपाचा फोटो निघतो आणि प्रकरण संपतं. आपण मागायला हवं ते फार मोठं नाही. प्रत्येक सायकलीबरोबर एक पंप, दोन पाने, पंक्चरचं सामान आणि त्याच सायकलीची चित्रं असलेली पातळ मराठी पुस्तिका. ज्या सायकलीचं वाटप होणार तिचीच चित्रं, दुसऱ्या कुठल्या नाही. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला मुलींना भरतकाम आणि मुलांना इलेक्ट्रिकचं काम अशी वाटणी अजून चालू असेल, तर तिथे दोघांसाठी एक सायकल उलटी करून ठेवावी. पुढच्या वाटपाच्या आधी जिल्हा नियोजन समितीकडे हे लेखी द्यायचं तर गटांनी आताच आपापल्या गावातल्या बंद पडलेल्या सायकली मोजायला घ्याव्यात. किती, कुणाच्या, कधीपासून, आणि नेमकं काय बिघडलंय. शेवटचा रकाना भरण्यासाठी सायकल उघडून पाहावी लागेल. त्या वेळी एक लक्षात ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सोडवायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा.